भट्टीला गॅस आला, तारेचे काय?

मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईच्या पट्ट्यात बेकरीच्या धंद्यावर आपल्या अनेक बांधवांची घरे चालतात. कोणी मालक आहे, कोणी भट्टीवरचा उस्ताद आहे, तर कोणी पहाटे सायकलवरून लादीपाव पोहोचवणारा. या धंद्यावर अलीकडे मोठा बदल येऊन आदळला. मुंबईच्या बिघडलेल्या हवेबाबत स्वतःहून दाखल करून घेतलेल्या याचिकेत मुंबई उच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०२५ रोजी आदेश दिला, की लाकूड आणि कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांनी सहा महिन्यांत गॅस किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनावर यावे. ही मुदत जुलै २०२५ मध्ये संपली. खाडीच्या अलीकडे वाशी, कोपरखैरणे, नेरूळ, पनवेलपर्यंतच्या बेकरीवाल्यांनाही वारा कोणत्या दिशेने वाहतो आहे हे कळून चुकले.

हा बदल बरा की वाईट, त्याचा खर्च कोणी सोसायचा, पावाला तीच चव राहील का, यावर पुष्कळ बोलले गेले आहे. आम्हाला आज वेगळ्याच गोष्टीकडे लक्ष वेधायचे आहे. भट्टीला गॅस जोडताना सर्वांचे लक्ष नळीकडे असते. गॅस कंपनीची माणसे नळी, मीटर आणि गळती तपासतात. पण त्याच भट्टीला जी विजेची तार लागते, ती कोण तपासतो? बहुतेक ठिकाणी कोणीच नाही. धोका याच ठिकाणी आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

लाकडाच्या भट्टीला वीज लागत नव्हती. उस्तादाने हात आत धरून, पिठाची चिमूट टाकून ताव ओळखायचा. गॅसच्या नव्या भट्टीत हे काम यंत्र करते. थंड देशांत घरे उबदार ठेवण्यासाठी गॅसची भट्टी असते आणि भिंतीवरचा थर्मोस्टॅट तिला चालू-बंद करतो. आपल्या हवेत घराला तशा भट्टीची गरज नाही, पण बेकरीच्या भट्टीत तंत्र तेच आहे. म्हणून हे तंत्र साध्या शब्दांत समजून घेऊ.

भट्टीच्या आत थर्मोकपल नावाची एक सळई असते. ती आतला ताव मोजते आणि बाहेरच्या डिजिटल कंट्रोलरला कळवते. ताव कमी झाला की कंट्रोलर बर्नरला चालू होण्याचा हुकूम देतो. हुकूम मिळताच गॅस लगेच सुटत नाही. आधी ब्लोअर फिरतो आणि भट्टीत साचलेला गॅस असेल तर तो बाहेर ढकलतो. मग ठिणगी पडते, विजेवर चालणारा व्हॉल्व्ह उघडतो आणि ज्योत पेटते. ज्योत खरोखर पेटली का, हे एक छोटी सळई तपासते. काही सेकंदांत ज्योत दिसली नाही तर व्हॉल्व्ह बंद होतो आणि बर्नर लॉक होतो. हा सारा क्रम विजेच्या तारांवर चालतो. तार चुकली की क्रम चुकला आणि क्रम चुकला की न जळालेला गॅस भट्टीत साचला.

नवी मुंबईतील एका बेकरीत आम्ही पाहिलेला प्रकार सांगतो. नवा बर्नर बसून पंधरा दिवसही झाले नव्हते. तो पेटायचा आणि लगेच लॉक व्हायचा. रात्रीचा माल अडकला, मालक हैराण झाला. ओळखीचा मिस्त्री आला, त्याने पॅनेल उघडले आणि एका सुरक्षा स्विचच्या दोन टोकांमध्ये तारेचा तुकडा जोडला. तरीही बर्नर लॉकच होत राहिला. तेव्हा दुसऱ्या मुलाला बोलावले. तो आयटीआय शिकलेला होता. त्याने मीटर लावून पाहिले. अर्थिंगची तार पॅनेलपर्यंत आली होती, पण बर्नरच्या अंगाला जोडलीच नव्हती. फेज आणि न्यूट्रलही उलटे होते. त्याने दोन्ही दुरुस्त केले, मिस्त्रीचा तुकडा काढून फेकला आणि बर्नर नीट चालू लागला.

असे का झाले? ज्योतीतून अगदी थोडी वीज वाहू शकते, केवळ काही मायक्रोअँपियर. ज्योत ओळखणारी सळई याच गुणावर चालते. ही वीज सळईतून ज्योतीत, ज्योतीतून बर्नरच्या अंगात आणि तेथून अर्थमार्गे परत जाते. अर्थिंग नसेल, किंवा पुष्कळशा कंट्रोलरमध्ये फेज-न्यूट्रल उलटे असतील, तर ज्योत पेटलेली असूनही यंत्राला ती दिसत नाही. वीज गेल्यावर छोट्या जनरेटरवर भट्टी चालवताना हाच त्रास होतो, कारण अशा अनेक जनरेटरांचा न्यूट्रल अर्थला जोडलेला नसतो. म्हणजे बर्नर वारंवार लॉक होतो तेव्हा तो बिघडलेलाच असतो असे नाही. काहीतरी चुकले आहे एवढेच तो सांगत असतो. त्याचे तोंड तारेने बंद करणे म्हणजे घरात चोर शिरल्यावर भुंकणाऱ्या कुत्र्यालाच मारण्यासारखे आहे.

थर्मोकपलच्या बाबतीतही आपले कारागीर फसतात. त्याच्या दोन तारा साध्या तांब्याच्या नसतात, वेगवेगळ्या धातूंच्या असतात. तार कमी पडली म्हणून मध्ये साधी तांब्याची तार जोडली, तर ताव चुकीचा दिसतो. दोन्ही टोके उलटी लावली तर भट्टी तापत जाते आणि आकडा खाली उतरत जातो. कंट्रोलरला वाटते भट्टी थंड आहे आणि तो बर्नर चालूच ठेवतो. के प्रकारच्या थर्मोकपलची उणे तार चुंबकाला हलकेच ओढली जाते, अधिक तार ओढली जात नाही. खिशात लहानसा चुंबक असला तर ही चूक जागेवर पकडता येते. वाढीव तार थर्मोकपलच्याच जातीची घ्यावी आणि ती मोटारीच्या तारांपासून वेगळी न्यावी.

यातून एक मोठा नियम निघतो. ताव सांभाळणारा थर्मोस्टॅट आणि धोका टाळणारा थर्मोस्टॅट हे दोन वेगळे असले पाहिजेत. पहिला बिघडला तर दुसऱ्याने गॅस तोडला पाहिजे, आणि तो हाताने बटण दाबल्याशिवाय पुन्हा चालू होता कामा नये. स्वस्त कोटेशनमध्ये हा दुसरा थर्मोस्टॅट गाळलेला असतो. मालकाने तो आहे का, असे विचारून घ्यावे.

आता वायरिंगची पथ्ये. थर्मोस्टॅट, सुरक्षा स्विच आणि मुख्य स्विच नेहमी फेजच्या तारेत असावेत. न्यूट्रल तोडून भट्टी बंद केली तर ती बंद दिसते, पण व्हॉल्व्हच्या टोकाला वीज राहते. साध्या पीव्हीसी वायरचे आवरण ७० अंश सेल्सिअसपर्यंतच्या उष्णतेसाठी असते. भट्टीच्या अंगाजवळ ते कडक होऊन तडकते. तेथे सिलिकॉन किंवा काचेच्या धाग्याच्या आवरणाची वायर लागते. कंट्रोलरच्या आतला रिले नाजूक असतो. ब्लोअरची मोटार थेट त्याच्यावर टाकली तर त्याची टोके चिकटून बसतात, म्हणून मध्ये कॉन्टॅक्टर हवा. पॅनेल झाकणबंद असावे, कारण मैद्याची धूळ आत बसते आणि ती पेट घेणारी असते. खाडीकाठच्या दमट, खारट हवेने टोके गंजतात. ती पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर तपासावीत.

अर्थिंगबद्दल थोडे अधिक सांगितले पाहिजे. गॅसच्या नळीला अर्थिंग समजून तार बांधण्याचा प्रकार कोठेही दिसला तर तो ताबडतोब बंद करावा. भट्टीला तिची स्वतंत्र अर्थ-तार हवी आणि लाइनवर ३० मिलीअँपियरचा ईएलसीबी हवा. मीटरने पाहिले तर फेज आणि अर्थ यांच्यात २३० व्होल्टच्या आसपास आणि न्यूट्रल व अर्थ यांच्यात जवळजवळ शून्य दिसावे. एवढ्यावरून अर्थिंग उत्तम आहे असे मात्र सिद्ध होत नाही. त्यासाठी अर्थ-टेस्टरनेच मोजणी करून घ्यावी.

हे सगळे आम्ही इतक्या कळकळीने का लिहीत आहोत, तेही सांगतो. आपल्या बेकऱ्यांत गावाहून आलेले कारागीर भट्टीच्या वरच्या माळ्यावर झोपतात. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो खाली साचतो. नळीने येणारा गॅस हलका असतो, तो वर चढतो. म्हणजे भट्टीवर गळती झाली तर गॅस सर्वांत आधी झोपलेल्या माणसांकडे जातो. गॅस अर्धवट जळाला तर कार्बन मोनॉक्साइड होतो, त्याला वासही नसतो. गॅसला धूर नाही असे समजून काही जण चिमणी बुजवतात, ही घोडचूक आहे. गॅसची गळती सांगणारे यंत्र नळीच्या गॅससाठी छताजवळ आणि सिलिंडरसाठी जमिनीजवळ बसवावे. गॅसचा वास आलाच तर विजेचे कोणतेही बटण चालूही करू नये आणि बंदही करू नये. दारे-खिडक्या उघडाव्यात, हाताचा व्हॉल्व्ह बंद करावा आणि बाहेर जाऊन फोन करावा. खरे तर भट्टीवरचा माळा झोपण्यासाठी वापरूच नये. जागेची अडचण आम्हाला ठाऊक आहे, नवी मुंबईतील भाडीही ठाऊक आहेत. तरीही ज्या माणसाच्या हातावर आपला धंदा उभा आहे, त्याच्या झोपेची सुरक्षा ही मालकाकडे असलेली अमानत आहे.

कोणी म्हणेल, बर्नरचा खर्चच इतका, वर वायरिंगला वेगळे पैसे कोठून आणायचे? प्रश्न खोटा नाही. लहान बेकरीवाल्याचे कंबरडे या बदलाने वाकले आहे. पण चांगली वायर, कॉन्टॅक्टर, ईएलसीबी आणि दुसरा थर्मोस्टॅट यांचा खर्च बर्नरच्या किमतीपुढे किरकोळ असतो. एकट्याला जड वाटत असेल तर एका भागातील चार-पाच बेकरीवाल्यांनी मिळून एक चांगला तंत्रज्ञ वार्षिक करारावर ठेवावा. कोटेशन घेताना वायरिंगचा खर्च वेगळा लिहून घ्यावा आणि वायरिंगचा नकाशा पॅनेलच्या दाराच्या आत चिकटवून घ्यावा. नकाशा नसेल तर शेवटचा हप्ता देऊ नये.

आणि आता आपल्या वायरमन बंधूंना दोन शब्द. तुमच्या हातात कसब आहे, पण कागद नाही. वीजमांडणीचे काम परवानाधारक ठेकेदारामार्फत, प्रमाणपत्र असलेल्या माणसाच्या देखरेखीखाली व्हावे, असा कायदा आहे. ज्यांच्याकडे हा कागद नाही, त्यांनी आयटीआयचा वीजतंत्री किंवा तारतंत्रीचा अभ्यासक्रम करून तो मिळवावा. निदान घरातील पुढच्या मुलाला तरी त्या वाटेने पाठवावे. बेकऱ्या गॅसवर आल्या, तसे त्यांचे पॅनेल सांभाळणारे हातही लागणारच. ज्या घरांनी पिढ्यान् पिढ्या भट्टी पेटवली, त्यांच्याच मुलांनी ती सांभाळण्याची नवी विद्या शिकावी, यात वावगे काय आहे?

लाकडाच्या भट्टीत चूक झाली तर पाव करपायचा. गॅसच्या भट्टीत चूक झाली तर माणूस जातो. हा फरक मालकाने कोटेशनवर सही करताना आणि कारागिराने पॅनेल उघडताना लक्षात ठेवावा. सुरक्षा स्विचवर तार जोडून बर्नर चालू करणाऱ्याला यापुढे कोणी हुशार म्हणू नये. त्याला कामावरून थांबवावे आणि मीटर घेऊन कारण शोधणाऱ्याला बोलवावे. एका रात्रीचा माल बुडाला तर तो दुसऱ्या दिवशी भरून काढता येतो.