उष्णता, तापमान आणि घोकंपट्टी

पदार्थविज्ञानाच्या क्रमिक पुस्तकांतील उष्णतेचें प्रकरण सोपें, अशी विद्यार्थ्यांची व बहुतेक पालकांचीही समजूत आहे. प्रकाशाच्या प्रकरणांत आकृत्या काढाव्या लागतात, विजेच्या प्रकरणांतील गणितें अवघड असतात. उष्णता मात्र प्रत्येकाच्या चुलीपाशीं हजर, मग तींत शिकण्यासारखें तें काय? दोन व्याख्या, तीन सूत्रें व एक तक्ता पाठ झाला कीं प्रकरण संपलें! कित्येक पालक आम्हां शिक्षकांस प्रेमानें सुचवितात कीं, वर्गांत बर्फ व पाणी घेऊन तास घालविण्यापेक्षां नीटनेटक्या टिपा लिहून द्याव्या, म्हणजे परीक्षेच्या वेळीं मुलांना त्यांचा उपयोग होईल. ही सूचना सद्भावनेनें केलेली असते यांत शंका नाहीं. तथापि ती मान्य करणें मला योग्य वाटत नाहीं, आणि कां वाटत नाहीं तें विद्यार्थ्यांपुढें व पालकांपुढें मांडावें एवढ्याचसाठीं हा लेख.

व्याख्या बिनचूक म्हणून दाखविणाऱ्या मुलास एक साधा प्रश्न विचारून पाहावा. स्नानासाठीं काढलेली कोमट पाण्याची बादली आणि वाफाळलेल्या चहाचा पेला, या दोहोंपैकीं अधिक उष्णता कोणास द्यावी लागली? वर्गांतून बहुधा एकमुखानें उत्तर येतें, "चहास!" आतां हिशेब करूं. बादलींत १० लिटर पाणी आहे व तें २५ अंशांवरून ४० अंशांवर आणलें आहे. म्हणजे १०,००० ग्रॅम पाणी १५ अंशांनीं तापविलें. एक ग्रॅम पाणी एक अंशानें तापविण्यास एक कॅलरी उष्णता लागते, तेव्हां बादलीस १,५०,००० कॅलरी लागल्या. पेल्यांत १५० ग्रॅम चहा आहे; तो पाण्यासारखाच धरला व २५ अंशांवरून ८० अंशांवर नेला, तर ८,२५० कॅलरी पुरतात. चहानें जीभ पोळते, बादलीनें कोणी पोळत नाहीं. तरीही बादलीनें चहाच्या अठरापट उष्णता घेतली आहे. उलटपक्षीं दिवाळींतील फुलबाजी पाहा. तिच्या ठिणगीचें तापमान हजार अंशांच्या घरांत असतें. पण ती हातावर उडाली तर नुसती चुणचुण होते, कारण तो कण इतका लहान कीं त्याच्यापाशीं देण्यासारखें फारच थोडें असतें. (म्हणून जळती फुलबाजी हातांत धरावी असें मात्र कोणीं समजूं नये, तिची तार लहान नसते!)

हा घोटाळा मुलांच्या मंदबुद्धीचा नव्हे. त्याचें मूळ आपल्या रोजच्या बोलण्यांत आहे. "आज उष्णता फार आहे" असें आपण म्हणतों, तेव्हां आपल्याला हवेचें तापमान अभिप्रेत असतें. "पोराच्या अंगांत ताप आहे" म्हणतों, तेव्हां तो रोगाचें नांव होऊन बसतो. आणि आजी जेव्हां आंबा उष्ण व काकडी थंड असें सांगते, तेव्हां ती या दोहोंपैकीं कशाविषयींच बोलत नसते. शरीरावर होणाऱ्या परिणामाविषयीं बोलत असते. एकाच टोपलींत रात्रभर ठेवलेल्या आंब्याचें व काकडीचें तापमान सकाळीं एकच भरेल. तेवढ्यावरून आजीस हसण्याचें कारण नाहीं; तिचा शब्द निराळा व आपला निराळा, इतकेंच. परंतु असे तीन-चार अर्थ डोक्यांत घेऊन आलेल्या मुलाच्या हातीं पुस्तकांतील चौथी-पांचवी व्याख्या दिली, तर तो ती पाठ करील आणि जुने अर्थ जेथल्या तेथें राहूं देईल. परीक्षेपुरती एक भाषा व घरापुरती दुसरी, अशी त्याच्या मनाची वांटणी होईल. मला भय वाटतें तें याच वांटणीचें.

शब्दांप्रमाणेंच आपला हातही येथें खोटी साक्ष देतो. हिवाळ्यांत पहाटे एक तळहात स्टीलच्या ताटावर व दुसरा लांकडी पाटावर ठेवा. ताट गार लागेल, पाट तितका लागणार नाहीं. तापमापकास विचारा, रात्रभर एकाच खोलींत पडून असलेल्या त्या दोघांचें तापमान तो एकच सांगेल. धातु हातांतील उष्णता झपाट्यानें ओढून नेतो, लांकूड नेत नाहीं. हाताला कळतो तो हा वेग, तापमान नव्हे. हीच जोडी मे महिन्यांतील दुपारीं उन्हांत ठेवा, म्हणजे गार लागणारें ताट हात ठेवूं देणार नाहीं आणि पाट सोसवेल. तीन भांड्यांचा प्रयोग तर आठवीच्या मुलानें घरींच करावा: एकांत गार पाणी, दुसऱ्यांत सोसेल इतकें ऊन व मधल्यांत कोमट. दोन हात दोन बाजूंच्या भांड्यांत मिनिटभर बुडवून मग दोन्ही एकदम मधल्या भांड्यांत घालावे. एक हात म्हणेल पाणी ऊन, दुसरा म्हणेल गार. एकाच पाण्याविषयीं स्वतःचेच दोन हात भांडूं लागले म्हणजे तापमापकाची गरज कां पडली, हें समजावून सांगावें लागत नाहीं.

आतां पालकांच्या मुख्य आक्षेपाकडे वळतों. एवढा वेळ कशास? याचें उत्तर इतिहासांत आहे. ग्लासगो विद्यापीठांतील अध्यापक जोसेफ ब्लॅक यानें १७६१ च्या सुमारास बर्फ वितळण्याचा विचार बारकाईनें केला, तोंवर विद्वानांचीही समजूत अशी होती कीं, बर्फ वितळण्याच्या बिंदूस पोंचला कीं आणखी थोड्याशा उष्णतेनें त्याचें पाणी व्हावें. ब्लॅक म्हणाला, तसें असतें तर वसंताच्या पहिल्याच उबदार दिवशीं डोंगरांवरील सारा बर्फ एकदम वितळून भयंकर पूर आले असते. तसें घडत नाहीं, कारण वितळतांना बर्फ पुष्कळ उष्णता गिळतो आणि तापमापक मात्र शून्यावर स्वस्थ उभा असतो. एक ग्रॅम बर्फाचें पाणी होण्यास ८० कॅलरी व एक ग्रॅम उकळत्या पाण्याची वाफ होण्यास सुमारे ५४० कॅलरी लागतात. उष्णता आंत जात आहे पण तापमान चढत नाहीं, हें ज्यानें एकदां डोळ्यांनीं पाहिलें त्याला त्या दोन शब्दांतील भेद पुन्हा सांगावा लागत नाहीं. वर्गांत आम्ही बर्फाचें भांडें अर्धा तास मांडून बसतों तें याचसाठीं.

एवढें उमजूनही उष्णता म्हणजे काय, हें कोडें ब्लॅकच्या काळीं सुटलें नव्हतेंच. ती एक अदृश्य, वजनरहित द्रव वस्तु आहे असें पुष्कळांस वाटे. फ्रान्सचा थोर रसायनशास्त्री लाव्हाझिए यानें १७८९ च्या आपल्या ग्रंथांत तिला मूलद्रव्यांच्या यादींत बसविलें. पुढें बव्हेरियाच्या नोकरींत असलेल्या काउंट रम्फर्डनें म्युनिक येथील शस्त्रागारांत तोफांना भोंक पाडतांना पाहिलें कीं, बोथट हत्यार घासत राहिलें तर उष्णता निघतच राहते, तिला अंत नाहीं. घोड्यांकडून यंत्र फिरवून त्यानें सुमारे अडीच तासांत विस्तवावांचून पाणी उकळून दाखविलें व १७९८ सालीं तें प्रसिद्ध केलें. भांड्यांतून काढतां काढतां कधींच न संपणारी वस्तु द्रव कशी असेल? तरीही जुनें मत सुटेना. मँचेस्टरजवळच्या सॅलफर्डचा जेम्स जूल यानें १८४० नंतरच्या दशकांत, पडत्या वजनांनीं पाण्यांत वल्हीं फिरवून, किती कामापासून किती उष्णता होते हें मोजलें, तेव्हां कोठें उष्णता ही ऊर्जा आहे हें ठरलें. त्याच्या मापाची कल्पना अशी: एक किलोग्रॅम पाणी ४२७ मीटर उंचीवरून पडलें आणि पडण्याची सारी ऊर्जा त्यांतच राहिली, तर तें केवळ एक अंशानें तापेल. आपल्या कळसूबाईच्या १,६४६ मीटर उंच माथ्यावरून थेट समुद्रसपाटीपर्यंत पाणी पाडलें तरी पुरते चार अंशही चढणार नाहींत! चहाचें आधण ठेवतांना आपण किती ऊर्जा खर्चितों, हें यावरून ध्यानांत यावें.

ब्लॅकपासून जूलपर्यंत जवळजवळ नव्वद वर्षें गेलीं. जी गोष्ट नीट समजण्यास युरोपांतील निवडक बुद्धिमंतांस नव्वद वर्षें लागलीं, तिला चौदा वर्षांच्या मुलानें दोन आठवडे मागितले तर तो वेळ वायां गेला असें मानणें मला न्याय्य वाटत नाहीं.

व्याख्येचेंही पाहा. आजच्या शास्त्राप्रमाणें, पदार्थाच्या कणांची जी अखंड हालचाल चालते तिचें सरासरी मान म्हणजे तापमान. त्या साऱ्या कणांपाशीं मिळून असलेला साठा ती पदार्थाची आंतरिक किंवा औष्णिक ऊर्जा. आणि तापमानांतील फरकामुळें एका पदार्थांतून दुसऱ्यांत वाहणारी ऊर्जा ती उष्णता. तेव्हां "या भांड्यांत पुष्कळ उष्णता आहे" असें म्हणणें कांटेकोर नव्हे. रविवारीं मंदिरांत थाळी फिरते. खिशांत असतें तें नाणें; हातांतून थाळींत पडतें तेव्हां त्यास अर्पण म्हणतात; मंडळीच्या खजिन्यांत जमा झालें म्हणजे पुन्हा तो पैसाच. अर्पण हें देण्याघेण्याचें नांव आहे, साठ्याचें नव्हे. उष्णताही तशीच. हा दृष्टांत मुलांना पटतो. परंतु आधीं बर्फ व बादली पाहिली असेल तरच. तसें नसेल तर दृष्टांतही आणखी एक पाठांतर होऊन बसतो.

पवित्र शास्त्राच्या तासांत दानीएलाच्या पुस्तकांतील गोष्ट चालू असतां एका विद्यार्थ्यानें विचारलें कीं, नबुखद्नेस्सर राजानें शद्रख, मेशख व अबेद्‌नगो यांच्यासाठीं भट्टी सातपट तापविण्याचा हुकूम दिला, म्हणजे तिचें तापमान सातपट झालें काय? प्रश्न उद्धटपणाचा नव्हता, आणि तो मला फार आवडला. सातपट सरपण घातल्यानें तापमान सातपट होत नाहीं. जितकी भट्टी तापेल तितकी उष्णता बाहेरही झपाट्यानें जाते. शिवाय ४० अंश हे २० अंशांच्या दुप्पट नव्हेतच! सेल्सियसनें १७४२ सालीं मांडलेल्या मोजपट्टीचा शून्य हा पाण्याच्या सोयीनें घेतलेला शून्य आहे. केल्व्हिननें १८४८ सालीं सुचविलेल्या पद्धतीप्रमाणें खऱ्या तळापासून मोजलें तर तेच आंकडे सुमारे २९३ व ३१३ येतात. राजाचा हुकूम हा क्रोधाचा उद्गार होता, मोजमाप नव्हे, हें त्या वर्गाला मग आपोआप कळलें.

घोकंपट्टीनें गुण मिळतात हें मी नाकारीत नाहीं. पण घरांत तिचा उपयोग काय? पाणी उकळूं लागल्यावर ज्योत मोठी ठेवल्यानें डाळ लवकर शिजत नाहीं. तापमान १०० अंशांवरच राहतें, वाफ तेवढी अधिक होते आणि गॅस जळतो. प्रेशर कुकरांत दाब वाढल्यामुळें पाणी सुमारे १२० अंशांवर उकळतें, म्हणून तेथें वेळ वांचतो. महाबळेश्वरास तें ९५-९६ अंशांसच उकळतें, म्हणून तेथें शिजण्यास वेळ लागतो. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे वाफ. शंभर अंशांचें एक ग्रॅम पाणी अंगावर पडून ३७ अंशांपर्यंत निवालें तर ६३ कॅलरी देतें. तितक्याच तापमानाची एक ग्रॅम वाफ प्रथम पाणी होतांना ५४० व मग निवतांना ६३, मिळून ६०३ कॅलरी देते. तापमान तेंच, इजा कितीतरी अधिक. ज्या मुलीनें अप्रकट उष्णतेची व्याख्या वहींत तीनदां लिहिली पण झांकण आपल्याकडे उघडूं नये हें जिला कळलें नाहीं, तिला आपण काय शिकविलें? येथें एक गोष्ट सांगितली पाहिजे. स्वयंपाकघरांत वावरणाऱ्या मुली या प्रकरणांत मुलग्यांपेक्षां पुष्कळदां चांगलीं उत्तरें देतात. पालकांनीं आपल्या मुलग्यांसही आठवड्यांतून दोन दिवस चुलीपाशीं उभें करावें. त्यानें पदार्थविज्ञानाचें भलें होईल, व आईचेंही.

व्याख्या शिकवूं नयेत असें माझें म्हणणें नाहीं. त्या शेवटीं याव्या. मुलानें मोजावें, चुकावें, वाद घालावा, आणि मग जें कळलें तें कमींत कमी शब्दांत स्वतः मांडावें. पुस्तकांतील व्याख्येशीं तें ताडून पाहावें. असा विद्यार्थी परीक्षेंत मागें पडत नाहीं. उपकरणांची सबबही मला फारशी मान्य नाहीं. शाळेच्या कामाचा लाल द्रवाचा तापमापक फार महाग नसतो. घरांतील ताप पाहण्याचा तापमापक मात्र उकळत्या पाण्यांत कोणींही घालूं नये. तो थोड्याच अंशांपुरता केलेला असतो, आणि पाऱ्याचा असून फुटला तर पारा विषारी.

उन्हाळ्यापूर्वीं आठवी व नववीचे विद्यार्थी माठांवर प्रयोग करणार आहेत. माठाच्या अंगांतून पाझरणारें पाणी वाफ होतांना आंतल्या पाण्यांतील उष्णता घेऊन जातें. म्हणून विदर्भाच्या कोरड्या हवेंत तें जितकें गार होतें तितकें कोंकणच्या दमट हवेंत होत नाहीं. नवा माठ, पाझर बुजलेला जुना माठ व स्टीलची कळशी शेजारी शेजारी ठेवून तिन्हींतील तापमान आठ दिवस, दिवसांतून चार वेळां, टिपावयाचें आहे. नवे माठ शाळेनें घेतले आहेत. ज्यांच्या घरीं पाझर बंद झालेला जुना माठ असेल त्यांनीं तो टाकून न देतां मुलाबरोबर शाळेंत पाठवावा.