मुंबईचा पगार

यंदा गणपतीला गावी गेलो, तेव्हा धाकट्या भाच्याने मला ओटीवरच गाठले. पोरगा विजेच्या कामात चांगला तयार झाला आहे. देवरुखच्या एका दुकानात त्याला महिना १३,००० मिळतात आणि मुंबईहून २२,००० ची जागा चालून आली होती.

"मामा, जाऊ का?"

मी चाळीस वर्षे मुंबईत कारकुनी केलेला माणूस. लगेच कागद-पेन्सिल मागवली. चौघांत मिळून खोली घेतली तरी भाड्याचा वाटा ३,५००, खानावळ ४,०००, पास आणि किरकोळ खर्च ८००. जास्तीच्या ९,००० मधून उरले ७००!

"सातशे रुपयांसाठी घर सोडायचं?" ताई माजघरातून म्हणाली.

हिशेब चोख होता, पण माझे मलाच समाधान होईना. दे ला रोका आणि पुगा या दोघा अर्थशास्त्रज्ञांनी स्पेनमधील कामगारांच्या कमाईचा वर्षानुवर्षांचा माग काढून एक निबंध लिहिला. २०१७ मध्ये तो प्रसिद्ध झाला. महानगरात गेल्याबरोबर पगार थोडा वाढतो. उरलेली वाढ तिथे काम करता करता अंगी मुरणाऱ्या अनुभवाची असते, आणि माणूस लहान गावी परतला तरी तिचे मोल बरेचसे टिकते, असे त्यांना आढळले. म्हणजे माझ्या कागदावर पहिल्या महिन्याचाच हिशेब होता.

पण आमच्या काकांचे काय?

काका १९६१ साली लालबागला आले. गावकऱ्यांच्या खोलीत एक ट्रंक आणि भिंतीतला एक खिळा एवढी त्यांची मालमत्ता. रात्रपाळीचा गडी जिथून उठे, तिथेच दिवसपाळीचा पाठ टेकी. सुरुवातीला ते बदली कामगार. सकाळी गिरणीच्या दारात उभे राहायचे. कायमचा माणूस गैरहजर असला तर त्या दिवसाची मजुरी, नाहीतर आल्या पावली परत. पुढे ते कायम झाले, स्वतः माग सांभाळू लागले, कमाई वाढली. आम्हा भावंडांच्या शाळेची फी त्यांच्या मनीऑर्डरीतून भरली जाई. पोस्टमन दिसला की आजी पदर सावरून अंगणात येत असे, हे मला अजून आठवते.

१८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यांतल्या कितीकांना गिरणीचे दार पुन्हा उघडलेच नाही. काका गावी परतले ते वीस वर्षांचे कसब बोटांत घेऊन. तुटलेला धागा ते डोळे मिटून जोडीत. पण आमच्या गावात माग कुठला? शेवटी आंब्याच्या बागेत राखण करू लागले. स्पेनच्या पंडितांचे म्हणणे मी खोटे म्हणत नाही. मात्र हातातली कला ज्या यंत्राला बांधलेली, ते यंत्र काही एस.टी.च्या टपावर घालून गावी आणता येत नाही.

मी कागद उलटा करून ठेवला आणि भाच्याला विचारले, "तिथे तुला काम काय देणार?"

"मोठी इमारत आहे. मेन्टेनन्स."

"म्हणजे रोज दिवे बदलायचे, की लिफ्ट, पंप, पॅनेल उघडून दुरुस्त करायला शिकवणार?"

पोरगा गप्प झाला. हे त्याने विचारलेच नव्हते. मग मोबाइल घेऊन तो परसातल्या फणसाकडे गेला; आमच्याकडे रेंज तिथेच येते. बराच वेळ झाला तरी आला नाही. ताईने त्याचे पान वाढून झाकून ठेवले.