स्लो बसत नाही, म्हणून रेस वाढवायची?

सुरुवातीलाच कबूल करतो, माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटचं. मराठीतला माझा शेवटचा निबंध ‘माझा आवडता पक्षी’ हा होता. त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका सापडल्या तर सांभाळून घ्या. पण हेच इंग्रजी सेक्शनला दिलं असतं तर मामांनी वाचलं नसतं, आणि त्यांनी ते वाचायलाच हवं.

मामा म्हणजे आपल्या ऑटो लॅबचे मामा.

टीईच्या मिनी प्रोजेक्टसाठी आम्हाला लॅबमधलं मारुतीचं जुनं इंजिन मिळालं. तीन सिलिंडर, ७९६ सीसी. कंपनीचा ईसीयू काढून तिथे मेगास्क्वर्ट लावायचा आणि लॅपटॉपवर ट्युनरस्टुडिओ उघडून इंजिन ट्यून करायचं, असं काम. थ्रॉटल उघडून आवाज काढायला चारही जण एका पायावर तयार! पण आयडल, म्हणजे गॅरेजच्या भाषेत ‘स्लो’, काही केल्या बसेना. टार्गेट ९०० आरपीएम. इंजिन ११०० ला चढायचं, ७०० ला पडायचं, परत चढायचं. जिना चढून आलेल्या माणसासारखं. यालाच हंटिंग म्हणतात.

आम्ही काय केलं? क्लोज्ड लूपचे पीआयडीचे आकडे बदलत बसलो. तीन दिवस. शेवटी डेमोच्या आदल्या संध्याकाळी ग्रुपमधल्या एकाने (ठीक आहे, मीच तो) टार्गेटच १४०० करून टाकलं. ग्राफ एकदम सरळ रेषेत! स्क्रीनशॉट काढला, रिपोर्टमध्ये चिकटवला आणि मेस बंद व्हायच्या आत जेवायला पळालो.

माझं म्हणणं असं, की ती चक्क लबाडी होती. आणि आपल्याकडे ती इतकी सर्रास चालते की करताना तसं वाटतही नाही. १४०० ला हवा बऱ्यापैकी असते, फ्लायव्हीलचा जोर असतो, मॅपमधल्या चुका झाकल्या जातात. स्लोवर इंजिनकडे शिल्लक काहीच नसतं. थ्रॉटल जवळजवळ बंद, हवा जेमतेम, आणि जी ताकद तयार होते ती स्वतःचं घर्षण भागवण्यातच संपते. हॉस्टेलवरच्या महिनाअखेरीसारखी अवस्था. अशा वेळी लपवाछपवी चालत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही ऐटीत इंजिन चालू केलं. मामा म्हणाले, “रेस कशाला वाढवलीय? स्लोवर आण.” आणली. लॅपटॉपकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. कान लावून इंजिनभोवती फिरले आणि इनटेक मॅनिफोल्डवरच्या एका रबरी पाइपावर बोट दाबलं. बारीक फुस्स आवाज येत होता तो थांबला. “एअर घेतंय रे बाळा. आधी हे बघायचं, मग तुझा कॉम्प्युटर.”

पाइपाला चीर होती. आयडल व्हॉल्व्ह कितीही मिटला तरी तिथून हवा आत येतच होती, आणि आम्ही बिचाऱ्या पीआयडीला शिव्या देत होतो!

डेमो पुढे ढकलायला सरांकडे दोन दिवस मागितले. सर रागावले, पण दिले. मग मात्र नीट क्रमाने गेलो. क्लोज्ड लूप बंद केलं. टायमिंग लाइट लावून स्क्रीनवरचं टायमिंग आणि पुलीवरचं टायमिंग एकच आहे ना, ते पाहिलं. व्हीई टेबलमध्ये स्लोच्या आसपासच्या खान्यांतले आकडे एकदम उड्या मारत होते. आरपीएम जरा पडलं की मॅनिफोल्ड प्रेशर वाढायचं, शेजारचा खाना लागायचा, पेट्रोल भसकन बदलायचं. ते आकडे सपाट केले. टार्गेटच्या खालच्या खान्यांत इग्निशन थोडं ॲडव्हान्स केलं, म्हणजे इंजिन पडायला लागलं की टॉर्क वाढून ते स्वतःच सावरतं. हवेपेक्षा स्पार्क लवकर ऐकतो, हे मला पुस्तकातून कधी कळलं नव्हतं.

गंमत म्हणजे एवढं करूनही रेडिएटरचा फॅन लागला की इंजिन दचकायचं. व्होल्टेज पडलं की इंजेक्टर उघडायला जास्त वेळ लागतो आणि पेट्रोल कमी जातं. तो डेड टाइम भरायचा आम्ही विसरलो होतो. ते झाल्यावर क्लोज्ड लूप परत चालू केलं, आणि तेव्हा त्याला करायला फारसं काही उरलंच नव्हतं.

कुणी म्हणेल, सबमिशनची तारीख डोक्यावर असताना एवढं कोण करणार? खरंय. स्टाफला माझी एकच विनंती आहे. रिपोर्टच्या फॉरमॅटमध्ये ‘रिझल्ट’साठी चार पानं आहेत, ‘काय बिघडलं होतं आणि कसं सापडलं’ यासाठी एक ओळही नाही. एक पान त्याला द्या, आणि त्याला मार्क द्या. नाहीतर १४०० वाले स्क्रीनशॉट येतच राहणार. आणि ज्युनियर्सना सीनियरची मॅप फाइल पेन ड्राइव्हवर देताना कुठला आकडा का बदलला ते सोबत लिहून द्या. आम्हाला आली होती ती फाइल म्हणजे नुसते आकडे.

स्क्रीनशॉट बदलला. आता रेष ८७० ते ९३० मध्ये हलते. व्हायव्हात विचारलंच, “ग्राफ सरळ का नाही?” पाइपापासून सगळं सांगितलं. मार्क बेताचेच आले.

असो. गार इंजिनाचं वॉर्मअप टेबल अजून अर्धवट आहे. सकाळी पहिल्या स्टार्टला ते अजूनही दोनदा बंद पडतं. एसईतल्या कुणाला हात घालायचा असेल तर लॅब उघडताना या, इंजिन तेव्हाच गार असतं. आधी मामांना विचारा.