निवडणूक हरल्यावर तरुणाई मोबाइलवर काय करते? अमेरिकेच्या निकालातून शिकण्यासारखं बरंच काही

७ नोव्हेंबर २०२४ ची सकाळ. आदल्या दिवशी आपल्याकडे दुपारचे चार वाजत होते तेव्हा असोसिएटेड प्रेसने डोनाल्ड ट्रम्प जिंकल्याचं जाहीर केलं होतं. माझी मामेबहीण कॅलिफोर्नियात कॉलेजला आहे. अध्यक्षपदासाठी तिचं हे पहिलंच मतदान आणि मत कमला हॅरिस यांना. सकाळी उठून व्हॉट्सअ‍ॅप उघडलं तर तिचे अकरा मेसेज. शेवटचा असा: "दादा, २० मिलियन वोट्स गायब आहेत. कोणीच काही बोलत नाहीये. हे बघ."

सोबत एक स्क्रीनशॉट. २०२० मध्ये बायडन यांना ८ कोटींहून जास्त मतं, या वेळी हॅरिस यांना कितीतरी कमी. मग बाकीची मतं गेली कुठे?

तिला काय उत्तर दिलं ते पुढे सांगतो. त्याआधी त्या आठवड्यात अमेरिकेतल्या निराश तरुणांनी फोनवर काय काय केलं ते बघू, कारण त्यातलं बरंचसं आपणही करतो.

धक्का एवढा मोठा का बसला?

खरं तर लढत चुरशीची असल्याचं बहुतेक जनमत चाचण्या सांगतच होत्या. पण माझ्या बहिणीला ही लढत चुरशीची कधी वाटलीच नाही. जुलैमध्ये बायडन यांनी माघार घेतली, गायिका चार्ली एक्ससीएक्सने 'कमला इज ब्रॅट' अशी पोस्ट टाकली आणि टिकटॉकवर हिरव्या रंगाचा आणि नारळाच्या मीम्सचा पूर आला. हॅरिस यांच्या प्रचार टीमनेही तोच रंग उचलला. मतदानाच्या तीन दिवस आधी आयोवा राज्यात हॅरिस ३ टक्क्यांनी पुढे असल्याची एक चाचणी आली आणि प्रत्येक फीडवर फिरली. प्रत्यक्षात तिथे ट्रम्प १३ टक्क्यांनी जिंकले.

फीडचं काम सोपं असतं. तुम्ही कशावर थांबलात, काय पुन्हा पाहिलंत, काय मित्राला पाठवलंत हे बघून तसंच आणखी दाखवायचं. माझ्या बहिणीला चार महिने हॅरिस दिसत होत्या. तिच्याच वर्गातल्या एखाद्या मुलाला त्याच चार महिन्यांत पॉडकास्टच्या क्लिपमधले ट्रम्प दिसत असणार. दोघांनाही वाटत होतं की सगळी तरुणाई आपल्याच बाजूने आहे.

आकडे वेगळंच सांगतात. असोसिएटेड प्रेसच्या मतदार सर्वेक्षणानुसार १८ ते २९ वयोगटात हॅरिस यांना सुमारे ५१ टक्के आणि ट्रम्प यांना सुमारे ४७ टक्के मतं मिळाली. २०२० मध्ये याच गटात बायडन साधारण २५ टक्क्यांनी पुढे होते. त्यातही तरुण मुलांमध्ये ट्रम्प पुढे आणि मुलींमध्ये हॅरिस पुढे. म्हणजे 'निराश तरुणाई' म्हणताना आपण तरुणाईच्या साधारण अर्ध्या भागाबद्दल बोलतोय, हे लक्षात ठेवायला हवं. उरलेल्यांपैकी बरेच जण त्या रात्री आनंदात होते. आणि मतदानालाच न गेलेले तरुण तर या दोन्ही गटांपेक्षा जास्त होते.

पहिली प्रतिक्रिया: सर्च

निकाल लागताच 'मूव्ह टू कॅनडा' हा सर्च उसळला. दक्षिण कोरियातल्या '४बी' चळवळीबद्दलही अचानक शोध सुरू झाला. लग्न, मूल, डेटिंग आणि शरीरसंबंध या चारही गोष्टींना नकार देणाऱ्या स्त्रियांची ही चळवळ. शिवाय 'जो बायडन यांनी माघार घेतली का' या सर्चचा आलेख व्हायरल झाला. त्याच्याखाली एकच सूर: बघा, लोकांना उमेदवार कोण हेसुद्धा माहीत नव्हतं!

इथे थांबा. गुगल ट्रेंड्सचा आलेख ० ते १०० असतो. यातला १०० हा लोकांचा आकडा नसतो. निवडलेल्या काळात आणि जागेत त्या सर्चचा वाटा जेव्हा सर्वांत जास्त होता, तो क्षण म्हणजे १००. आधी कोणीच शोधत नसलेली गोष्ट एका दिवशी थोड्या लोकांनी शोधली तरी रेघ आकाशाला भिडते. त्याच आलेखात 'मतदान कुठे करायचं' हा सर्च शेजारी टाकला की पहिली रेघ जवळजवळ जमिनीला चिकटते.

कॅनडाचंही तसंच. २०१६ मध्ये ट्रम्प पहिल्यांदा जिंकले त्या रात्री कॅनडाची इमिग्रेशन वेबसाइट लोकांच्या गर्दीने बंद पडली होती. पण पुढच्या वर्षी अमेरिकेतून जाऊन कॅनडात कायमचे स्थायिक झालेले लोक दहा हजारांच्या आसपासच होते. सर्च करणं म्हणजे बऱ्याचदा एक सुस्कारा असतो. त्यावरून देश हलतोय असा निष्कर्ष काढू नये.

दुसरी प्रतिक्रिया: घर बदलणं

देश सोडणं अवघड, अ‍ॅप सोडणं सोपं. इलॉन मस्क यांनी ट्रम्प यांच्या प्रचारात उघडपणे पैसा आणि वेळ घातला होता. त्यामुळे निकालानंतर अनेकांनी एक्स सोडलं आणि ब्लूस्कायवर खातं उघडलं. दोन आठवड्यांत ब्लूस्काय २ कोटी खात्यांपर्यंत पोचलं.

याला नुसता रुसवा म्हणता येणार नाही. निकालानंतर मुलींना उद्देशून घाणेरड्या पोस्टचा मारा सुरू झाला होता. त्याच महिन्यात एक्सने ब्लॉकचा नियमही बदलला. तुम्ही ब्लॉक केलेला माणूस तुमच्या सार्वजनिक पोस्ट वाचू शकेल, फक्त त्यावर उत्तर देऊ शकणार नाही. ज्यांना त्रास होत होता त्यांच्यासाठी हे कारण पुरेसं होतं. ब्लूस्कायवर 'स्टार्टर पॅक' नावाची सोय आहे. एका क्लिकवर पन्नास-शंभर ओळखीची खाती फॉलो होतात, त्यामुळे नवीन घरी एकटं वाटत नाही.

पण तोटाही आहे. आपल्यासारखेच सगळे एका घरी गेले की पुढच्या निकालाचा धक्का आणखी मोठा. शिवाय नंतरच्या वर्षात तिथला उत्साह बराच ओसरला, रोज येणाऱ्यांची संख्या घटली. राग शांत झाल्यावर जुनी सवय परत ओढते.

तिसरी प्रतिक्रिया: 'मतं चोरीला गेली'

आता बहिणीच्या स्क्रीनशॉटकडे येतो. २०२० नंतर हाच आरोप ट्रम्प समर्थक करत होते. तेव्हा हसणारे लोक २०२४ मध्ये तोच फॉरवर्ड करत होते. हरण्याचं दुःख डावं-उजवं बघत नाही.

स्क्रीनशॉटमधली चूक साधी होती. एका बाजूला २०२० ची पूर्ण मोजणी, दुसऱ्या बाजूला २०२४ ची अर्धवट. एकट्या कॅलिफोर्नियातच लाखो मतं मोजायची राहिली होती. तिथे मतपत्रिका टपालाने येते. मतदानाच्या दिवसापर्यंतचा शिक्का असेल तर ती नंतर सात दिवसांपर्यंत पोचली तरी चालते. प्रत्येक लिफाफ्यावरची सही नोंदीशी ताडून बघतात. त्यामुळे तिथली मोजणी आठवडे चालते. सगळं मोजून झाल्यावर हॅरिस यांना सुमारे ७.५ कोटी आणि ट्रम्प यांना सुमारे ७.७३ कोटी मतं निघाली. बायडन यांच्यापेक्षा हॅरिस यांना ६० लाखांच्या आसपास कमी. म्हणजे 'गायब' झालेली २ कोटी मतं मुळात गायब नव्हतीच.

मस्क यांच्या स्टारलिंकमधून निकाल बदलला, अशीही अफवा होती. काही ठिकाणी मतदारयादी तपासण्याच्या यंत्रांसाठी स्टारलिंकचं इंटरनेट वापरलं गेलं, हे खरं. पण मतं मोजणारी यंत्रं वेगळी, ती मोजणीच्या वेळी इंटरनेटला जोडलेली नसतात. शिवाय जवळजवळ सगळीकडे कागदी नोंद असते. बायडन सरकारच्याच सायबर सुरक्षा प्रमुखांनी स्पष्ट सांगितलं होतं की निकालावर परिणाम होईल अशा कुठल्याही घातपाताचा पुरावा नाही.

मी हे सगळं तिला लिहून पाठवलं. तिचं उत्तर आलं: "ओके दादा. पण मग मी आता करू काय?"

प्रश्न बरोबर होता आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते तिनेच शोधलं.

सही न जुळलेली पिढी

टपाली मतपत्रिकेवरची सही जुळली नाही तर मत लगेच बाद होत नाही. मतदाराला कळवलं जातं आणि ठरलेल्या मुदतीत ते दुरुस्त करता येतं. यात सर्वांत जास्त अडकतात तरुण. नेवाडाच्या निवडणूक प्रमुखांनी त्याच आठवड्यात कारण सांगितलं: या मुलांची सही अजून पक्कीच झालेली नाही. ड्रायव्हिंग लायसन्स काढताना स्क्रीनवर बोटाने केलेली सही आणि लिफाफ्यावर पेनाने केलेली सही यांत फरक पडतो. आपलंही तसंच. कुरिअरवाल्याच्या फोनवर आपण जे गिरमिटतो ते बँकेत चालेल का?

त्यामुळे निकालानंतरच्या दिवसांत दोन्ही पक्षांचे कार्यकर्ते अशा मतदारांना फोन करत होते, दार ठोठावत होते. माझी बहीणही एका वीकेंडला फोन करायला बसली. बहुतेकांनी उचललाच नाही. काहींना आपलं मत अडकलंय याचा पत्ताच नव्हता. कॅलिफोर्नियात मतपत्रिकेचा प्रवास एसएमएसवर कळवण्याची सोय आहे, पण त्यासाठी आधी नाव नोंदवावं लागतं.

डिसेंबरच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियाच्या १३ व्या मतदारसंघाचा निकाल लागला. डेमोक्रॅट अ‍ॅडम ग्रे जिंकले, फक्त १८७ मतांनी. तिने मला तो आकडा पाठवला. सोबत दुसरं काहीच लिहिलं नव्हतं.

आपल्यासाठी काय?

२३ नोव्हेंबर २०२४ ला आपल्याकडे विधानसभेचा निकाल लागला. लोकसभेला राज्यात ४८ पैकी ३० जागा जिंकलेली महाविकास आघाडी पाच महिन्यांत पन्नाशीच्याही आत आली. माझ्या कॉलेजच्या ग्रुपवर मग एक आकडा फिरू लागला: संध्याकाळी पाचला ५८.२२ टक्के मतदान, अंतिम ६६.०५ टक्के. वाढ कशी झाली? विरोधकांनी हा प्रश्न विचारला, निवडणूक आयोगाने आरोप फेटाळले. प्रश्न विचारणं गैर नाही. पण पाचचा आकडा तात्पुरता असतो आणि सहापर्यंत रांगेत असलेल्यांचं मतदान नंतरही चालू राहतं, हे माहीत असल्याशिवाय प्रश्नाला धार येत नाही.

म्हणून निकाल मनाविरुद्ध लागला तर एवढं करा:

- पहिले २४ तास कोणताही 'आकडा' फॉरवर्ड करू नका. अर्धवट मोजणीची तुलना पूर्ण मोजणीशी होतेय का ते आधी बघा.
- शंका असेल तर कागद शोधा. केंद्रावर किती मतं पडली ते फॉर्म १७सी मध्ये असतं, त्याची प्रत पक्षांच्या पोलिंग एजंटला मिळते. केंद्रनिहाय निकाल फॉर्म २० मध्ये असतो, तो राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या साइटवर बघता येतो.
- निकालाला आव्हान हायकोर्टात निवडणूक याचिकेने देता येतं. मुदत ४५ दिवस. ट्रेंडिंग हॅशटॅगने ती वाढत नाही.
- फीड डोकं खात असेल तर इन्स्टाग्रामच्या कंटेंट सेटिंगमध्ये सुचवलेला मजकूर रीसेट करायची सोय आहे. ती वापरा आणि झोपा.
- मतदारयादीत नाव नसेल तर निवडणूक आयोगाच्या अ‍ॅपवर आजच बघा. १७ वर्षं पूर्ण झाली की आगाऊ अर्ज करता येतो, आणि १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर अशा वर्षातून चार पात्रता तारखा असतात.

बहिणीने एक्स अजून सोडलेलं नाही. कॅनडालाही गेली नाही. मतपत्रिकेच्या एसएमएससाठी मात्र स्वतःचं नाव नोंदवलंय, आणि आता कागदावर पेनाने सही करायचा सराव करतेय म्हणाली.