आधी खोली, मग गॉगल



मागे एका सभासदाने आम्हांस फोनवर उसाचा फोटो धाडला. पाने पिवळी पडलीत, औषध सांगा, असा निरोप. फोटो झकास होता. पण पिवळेपणा लोह कमी पडल्याचा, पाण्याच्या ताणाचा, की खाली हुमणीने मुळ्या खाल्ल्याचा, हे फोटोवरून कोण सांगणार? जाऊन एक बेट उपटलं, तेव्हा हुमणी सापडली.

हल्ली डोळ्यांवर गॉगलसारखे यंत्र चढवले, की घरबसल्या डॉक्टरपुढे बसल्याचा भास होतो, अशी व्हर्च्युअल रिॲलिटीची चर्चा आपल्या पारावरही ऐकू येते. ही काही थाप नव्हे. जुनाट कंबरदुखीवर घरी वापरायच्या अशा एका यंत्राला २०२१ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने परवानगी दिली. (आपल्याकडे मोळी उचलणाऱ्यांची कंबर मोजायला बसलो तर गॉगल पुरायचे नाहीत!) काहींना ते लावून चक्कर, मळमळ होते, हेही खरे. आणि भास कितीही हुबेहूब असला, तरी तो पोट दाबून बघत नाही.

म्हणून साधा पडदाच आम्हांस जवळचा वाटतो. सरकारची ई-संजीवनी सेवा मोफत आहे; २०२० च्या एप्रिलपासून घरूनही डॉक्टरशी बोलता येते. नुसता रिपोर्ट दाखवायला गगनबावड्याहून सीपीआरला जायचे, तर अख्खा दिवस मोडतो. तो वाचेल. छातीत कळ आली तर मात्र पडदा नको, थेट १०८.

याच सेवेत उपकेंद्रातील आरोग्य अधिकारी रोग्याशेजारी बसून बी.पी. मोजतो आणि पलीकडच्या डॉक्टरला सांगतो. आम्हांस पटते ती ही पद्धत. इकडे हात, तिकडे डोळा.

आता ऊसतोड मजुरांचे बघा. बीडकडून आलेली बाई दवाखान्यात गेली की खाडा पडतो. घरचा फोन नवऱ्याच्या खिशात, नाहीतर मुकादमाचा मागायचा. त्यावर, कोपीबाहेर चार माणसांत, ती अंगावरून जाण्याचं दुखणं कसं सांगेल? तिला गॉगल नको, दार लागणारी खोली हवी.

गट कार्यालयात हंगामापुरती अशी एक खोली द्यावी, पडदा लावावा, शेजारी बसायला बाईमाणूसच असावे. तोड संपल्यानंतरची वेळ मिळते का, ते आरोग्य केंद्राशी बोलून ठरवता येईल. खोलीत सध्या खताची रिकामी पोती आहेत. ती हलवायची तयारी आमच्या खात्याची आहे. मंजुरी संचालक मंडळाने द्यावी.