स्वस्थान सोडलेले तारे

आकाशगंगेतील बहुतेक तारे शेजाऱ्यांसह तिच्या केंद्राभोवती फिरतात. काही मात्र या सामाईक प्रवाहाच्या तुलनेत सेकंदाला ३० किलोमीटरहून अधिक वेगाने भलत्याच दिशेला जातात, आणि त्यांनाच पळते तारे म्हणतात. सारथीतील एई ऑरिगी व कपोतातील म्यू कोलंबी हे तारे सेकंदाला सुमारे १०० किलोमीटर वेगाने परस्परविरुद्ध दिशांना चालले असून, त्यांचे मार्ग उलटे काढले असता ते सुमारे २५ लाख वर्षांपूर्वी मृग नक्षत्राच्या परिसरात एकत्र येतात. तेथे दोन जोडताऱ्यांची गाठ पडून हे दोघे भिरकावले गेले आणि उरलेल्यांची आयोटा ओरायनिस ही जोडी बनली, हे स्पष्टीकरण सर्वांत पटण्याजोगे आहे. आड्रियान ब्लाऊ यांनी १९६१ मध्ये मांडलेले कारण निराळे: जोडीतील जड ताऱ्याचा अतिनवतारा होतो, म्हणजे प्रचंड स्फोटात तो बहुतांश वस्तुमान गमावतो, तेव्हा बंधन सुटलेला सोबती गोफणीतल्या धोंड्यासारखा कक्षेच्याच वेगाने निघून जातो.

याहून विलक्षण कल्पना जॅक हिल्स यांनी १९८८ मध्ये मांडली. आकाशगंगेच्या केंद्रातील महाकाय कृष्णविवर जवळ आलेली जोडी फोडून एकाला धरून ठेवते व दुसऱ्याला आकाशगंगेबाहेर फेकते, हे त्यांचे भाकीत होते. २०१९ मध्ये जाहीर झालेला, सेकंदाला १,७०० किलोमीटरहून अधिक वेगाने जाणारा एस५-एचव्हीएस१ हा तारा नेमका त्याच केंद्राकडून आलेला आहे.

भुजंगधारीतील झीटा ऑफियुकी हा पळता तारा उन्हाळ्यात नुसत्या डोळ्यांनी दिसतो. वाचकांनी तो अवश्य शोधावा.