नागपूर-मुंबई : दीड तास की चार?

नागपूर ते मुंबई हवाई अंतर सुमारे ७०० किलोमीटर. विमान दीड तासात पोहोचते. दात्याच्या हृदयाचे घड्याळ मात्र वेगळे. शस्त्रक्रियागृहात त्याचा रक्तपुरवठा थांबवला की ते सुरू होते. बर्फात ठेवलेले हे हृदय साधारण चार तासांत दुसऱ्या छातीत धडधडायला हवे. मूत्रपिंड चोवीस तासही तग धरते. हृदयाला तेवढी सवड नाही. चारातून उड्डाणाचा दीड तास गेला, तर उरलेल्या अडीचमध्ये दोन्ही शहरांतले रस्ते, विमानतळावरची ये-जा आणि नवे हृदय टाके घालून जोडणे, सगळे आले. म्हणून ग्रीन कॉरिडॉर लागतो. त्याचे कौतुक होते, व्हायलाच हवे.

पण माझ्या मते खरी अडचण लहान शहरांत आहे. मेंदूमृत्यूच्या तपासण्या किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा कराव्या लागतात. मग नातेवाइकांशी बोलणे. यात बहुधा रात्र होते, आणि अनेक छोट्या धावपट्ट्यांवर रात्री विमान उतरूच शकत नाही. सरकारने नवे विमानतळ जरूर बांधावेत, पण आधी आहेत तिथे रात्रीची सोय करावी. नातेवाइकांनी रडत ‘हो’ म्हटल्यावर ‘आता सकाळपर्यंत थांबू’ असे सांगताना जीभ जड होते.